दहा मीटर चालायचं नाटक

गुडमुंड तीस वर्षं आमच्या फ्योर्डवर, डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीवर, फेरीबोट चालवायचा. वादळामुळे बोट पाच मिनिटं उशिरा लागली, तरी धक्क्यावरच्या माणसांची तो स्वतः माफी मागायचा. असल्या माणसाला धड आजारी तरी पडता येणार आहे का? तसं आम्हा पश्चिम नॉर्वेवाल्यांना ते कुणालाच जमत नाही म्हणा.

मी इस्पितळात एमआरआय काढते. गेल्या वसंतात त्याला माझ्याकडे पाठवलं तेव्हा त्याला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. पाय उचलत नव्हते, नावं आठवत नव्हती, लघवी आवरत नव्हती. परगावी राहणाऱ्या त्याच्या मुलीनं, तुरिदनं, वृद्धाश्रमात खोलीही बघून ठेवली होती. डॉक्टरांना मात्र वेगळाच संशय होता. मेंदूभोवतीच्या पाण्याचा निचरा होत नसेल, तर डोक्यातून पोटात एक बारीक नळी घालायची. म्हातारा पुन्हा चालेल आणि स्वतःच्या घरी राहील. तसं नसेल तर आश्रम.

पहिल्या दिवशी त्याला दहा मीटर चालवलं आणि वेळ मोजली. मग पाठीच्या कण्यात सुई घालून तेच मेंदूभोवतीचं पाणी थोडं काढलं, त्याच सुईतून तिथल्या पाण्यात औषध सोडलं आणि दुपारी पुन्हा चालवलं. आधी अकरा सेकंदं, नंतरही अकराच. पाणी काढून काही फरक नाही, म्हणजे नळीचाही उपयोग नाही. तुरिदला तसं कळवून झालं.

माझं काम तेवढं उरलं होतं. ते औषध पाण्याबरोबर मेंदूपर्यंत चढतं आणि हळूहळू निघून जातं. कुठे जातं, किती रेंगाळतं, ते फोटोंत दिसतं. दुसऱ्या दिवशीचा फोटो बघून मी चक्रावले. मोरी तुंबल्यावर पाणी साचावं तसं औषध मेंदूतल्या पोकळ्यांत साचून राहिलं होतं. असा माणूस अकरा सेकंदांत चालतो कसा?

त्याला शोधत बाहेर आले. शौचालयातून तो परतत होता, एक हात भिंतीला, पाय फरशीवरून घासत. मला बघितलं आणि लगेच ताठ झाला, दात आवळून झपाझप आला.

"गुडमुंड, काल खरं का चालला नाहीत?"

"घड्याळ घेऊन ती बाई उभी होती ना."

"मग?"

"तिला किती वेळ ताटकळत ठेवायचं, पोरी? पंधरा दिवस सराव केला होता मी. स्वयंपाकघर ते दार."

माझं डोकंच फिरलं. "ह्या भिडेपायी आश्रमात जाऊन पडाल! तिथे जन्मभर बायका ताटकळतील तुमच्यासाठी, ते चालेल?"

मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

डॉक्टरांच्या मागे लागून शेवटच्या फोटोनंतर मी पुन्हा चाचणी करायला लावली. "घरी चालता तसं चाला," म्हटलं. तो जागचा हलेना.

"घरी कुणी बघत नसतं."

शेवटी मी आणि ती घड्याळवाली नर्स भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो. मागून सपाता घासल्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता. चौतीस सेकंदं. पाणी काढल्यावर पंधरा.

शरदात नळी बसली. तुरिदनं खोली सोडली, म्हातारा आपल्या घरी गेला.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला.

"कामात आहेस का? नंतर करू?"

"बोला हो. चालताय ना?"

"रोज. धक्क्यापर्यंत."

"वा! आणि मग?"

"बोट लागते, माणसं उतरतात, ज्याच्या त्याच्या घरी जातात. मग मीही येतो." मग म्हणाला, "त्या दिवशी तुम्हा दोघींना भिंतीकडे तोंड करायला लावलं मी."

"त्याचं काय एवढं?"

"वळून बघितलं असतंत तरी चाललं असतं."

मी काही बोलायच्या आत त्यानं फोन ठेवला, माझा वेळ जायला नको म्हणून.