परवानगीशिवाय हात लावू नये

विद्यार्थी संचालकबाईंना पाठीमागे ‘तवा’ म्हणत, कारण त्या कायम तापलेल्या असत. बाईंना हे ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. रागवायला दुसऱ्या गोष्टी रगड होत्या.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचं संशोधन गुंडाळून विद्यापीठातला हा कार्यक्रम हाती घेतला. कुणाच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, कुणाची भाषाच वेगळी, कुणाला ऐकू येत नाही, कुणी दोन लेकरांची आई होऊन पुन्हा शिकायला आलेली. अशा आठ जणांना दर वर्षी जीवशास्त्राच्या पीएचडीला आणायचं आणि ती हातात पडेपर्यंत पाठीशी उभं राहायचं. आणणं सोपं होतं. त्यांना नीट वागवणारी प्रयोगशाळा शोधताना बाईंचे जोडे झिजायचे. माहितीपत्रकात या मुलांसोबत फोटो काढून घ्यायला सगळे प्राध्यापक पुढे. टेबलाजवळ जागा द्यायची म्हटलं की सगळ्यांच्या प्रयोगशाळा एकाएकी भरलेल्या.

त्या सोमवारी सकाळी मोठ्या सरांचा फोन आला. मोठे सर म्हणजे विभागातलं सगळ्यात मोठं नाव.

“तुमच्या त्या मुलीनं माझी वीस वर्षं पाण्यात घातली. तिला काढून टाकायचं. परवा बैठक आहे.”

ती मुलगी म्हणजे धाकटी. तिच्या तुकडीत सगळ्यात लहान, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत. सरांच्या प्रयोगशाळेत तिचं तिसरं वर्ष चालू होतं. झालं असं की शनिवारी दुपारी उणे ऐंशी अंशांचा मोठा फ्रीझर बिघडला आणि त्याचा भोंगा वाजू लागला. प्रयोगशाळेत धाकटी एकटी होती. शेजारच्या खोलीत तसाच दुसरा फ्रीझर चालू आणि जवळजवळ रिकामा होता. डबे उचलायचे आणि तिकडे ठेवायचे, तासाभराचं काम. तिनं सरांना अकरा फोन केले. सर बाहेरगावी, फोन बंद. तंत्रज्ञ रजेवर. तिनं प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना मेल टाकले आणि फ्रीझरसमोर स्टुलावर बसून तापमानाचे आकडे चढताना पाहिले. रविवारीही आली, बसली. संध्याकाळी दाराखालून पाणी आलं. वितळलेल्या नमुन्यांत, सरांच्या डब्यांमागे ठेवलेले, तिचे स्वतःचे दोन वर्षांचे नमुनेही होते.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांवर नव्हे, पोरीवर.

“अगं, डोळ्यांदेखत सगळं वितळतंय आणि तू बसून राहतेस? हात बांधले होते का तुझे?”

धाकटीनं दप्तरातून एक पातळ पुस्तिका काढली. कार्यक्रमात येणाऱ्याला पहिल्या दिवशी मिळते ती. नियम चौथा: दुसऱ्याच्या वस्तूला परवानगीशिवाय हात लावू नये, कारण कोणतंही असो. ‘कोणतंही’खाली जाड रेघ होती.

“हे तुम्ही आम्हाला तीनदा मोठ्यानं वाचायला लावलं होतं, मॅडम.”

“मग मला फोन करायचास!”

“केला असता तर तुम्ही काय सांगितलं असतं?”

बाईंनी पुस्तिका हातात घेतली. ‘सरांना विचार’, एवढंच त्यांनी सांगितलं असतं.

बैठकीत विभागप्रमुख टेबलाच्या टोकाला बसले होते. कुणाला दुखवायचं नाही, हेच त्यांनी आयुष्यभर केलेलं. मोठे सर मात्र सुटले होते.

“शेंबड्या पोरालाही कळेल की दार उघडून डबे हलवायचे. हिनं अक्कल गहाण ठेवली होती का?”

बाईंनी पुस्तिका पुढे सरकवली. “तिनं नियम पाळला. नियम माझा आहे.”

सरांनी वाचलं आणि हसले. “असला मूर्ख नियम कोण लिहितं?”

“सांगते ना,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला आणि त्यांनी तो चढू दिला. “सहा वर्षांपूर्वी तुमच्याच प्रयोगशाळेत वीज गेली. माझ्या कार्यक्रमातल्या एका मुलानं तुमचे सगळे डबे उचलून दुसरीकडे नेले. एकही नमुना गेला नाही. सोमवारी एक डबा सापडेना, तर तुम्ही भर व्हरांड्यात म्हणालात, या लोकांच्या हाताला सवय असते. दोन दिवसांनी डबा तुमच्याच कप्प्यात निघाला. तोवर तो मुलगा गाव सोडून गेला होता. आज तो औषधांच्या दुकानात गोळ्या विकतो. त्या आठवड्यात मी हा नियम लिहिला. तुमच्यापासून पोरं वाचवायला.”

“तो प्रसंग वेगळा होता,” सर म्हणाले.

“हलवले तर चोर, नाही हलवले तर मूर्ख. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! पोरांनी करायचं काय?”

विभागप्रमुखांनी पाण्याचा पेला उचलला, ठेवला, आणि शेवटी निर्णय दिला. धाकटीला काढायचं नाही. दुसरी प्रयोगशाळा आणि एक वर्ष वाढवून द्यायचं. मोठ्या सरांना कुणी काही बोललं नाही. ते घड्याळ बघत उठून गेले.

बाई जिंकल्या होत्या आणि त्यांना जिंकल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. कागद गोळा करता करता त्यांनी मनात हिशेब केला: सहा तुकड्या, आठ-आठ जण. सरांनी एकाला चोर म्हटलं होतं. आपण मात्र अठ्ठेचाळीस जणांना पहिल्याच दिवशी, प्रेमानं, तुमच्यावर संशय घेतला जाणार हे ठरलेलंच आहे असं शिकवलं. आणि पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. बाईंना स्वतःची इतकी चीड आली की पुस्तिका हातात चुरगळली.

व्हरांड्यात धाकटी उभी होती. निर्णय ऐकून तिनं मान हलवली. हसली नाही.

“मॅडम, मग पुढच्या वेळी दार उघडायचं?”

“उघडायचं.”

“आणि नंतर एखादा डबा सापडला नाही तर?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं.

“तर तुलाच विचारतील,” त्या म्हणाल्या. “तरी उघड.”