लालबागचं रिकामं पान

आमची बस कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात शिरते, तिथे मी दरवेळी छाती फुगवतो. यंदा इतकी फुगवली की शर्टाचं बटण उडून पुढच्या गृहस्थांच्या टकलावर आपटलं.

"काय झालं?" ते दचकले.

"काही नाही, महाराष्ट्र आला," मी म्हटलं. ते पुन्हा झोपले. तिथे जन्मलेल्यांना ही झोप छान लागते.

मला आत्याने पाठवलं होतं. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पण ती शंभर सांगते. थापा हाच आमच्या घराण्याचा जमीनजुमला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ती आजोबांचं बोट धरून मुंबईला गेली आणि लालबागच्या एका चाळीत आपल्याकडच्या सत्याग्रहींबरोबर जेवली. पुढे राज्य झालं, मुंबई मिळाली, आपली बेळगावकडची गावं कर्नाटकातच राहिली. तेव्हापासून महाराष्ट्र दिनाच्या पंगतीत ती चाळ एक पान आपल्यासाठी मांडते. यंदा चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा होता. म्हणजे ही शेवटची पंगत.

"मी आहे तोवर कुणीतरी बसा रे त्या पानावर," आत्या म्हणाली. "माझ्या वाटणीचं जेवून ये."

दादरला उतरलो. फुलबाजारातले झेंडूचे ढीग चढून उतरेपर्यंत धाप लागली. मळकट उन्हात पुलाखालून चालत परळला आलो. काचेच्या उंच इमारतींमध्ये गिरणीची एक चिमणी उभी होती, लग्नाच्या फोटोत चुकून आलेल्या परक्या म्हाताऱ्यासारखी. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत असा शिंकलो की समोरच्या बाईंनी छत्री उघडली.

चाळ अर्धी रिकामी झाली होती. काही खोल्यांची दारंही काढून नेलेली. अंगणात मात्र पंगत बसत होती. चाळीतले सर्वांत जुने रहिवासी परबकाका पुढे आले. मी कुठला ते ऐकताच त्यांनी मिठीच मारली. "सीमाभागातले इले (आले)! येवा, येवा!" माणसं अशी लोटली, जणू सर्कशीतला वाघच आला.

पंगतीच्या टोकाला ते पान होतं. भोवती रांगोळी. वर वडे, सोलकढी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं (इडलीबरोबरचं नव्हे, वाटलेल्या खोबऱ्याचं दाट कालवण). मी चपला काढल्या आणि थेट त्या पानासमोर मांडी घातली.

वाढणाऱ्या वहिनींचा डाव हवेतच राहिला.

"थंय नको (तिथे नको)," परबकाका वाकून हळूच म्हणाले. "बाजूक बसा."

"हे आमचंच ना?"

"तुमचांच. पण तुमी बसलास तर तां रिकामां कसां रवतलां (राहील)?"

"अहो, मी आलोय की!"

"तुमी इलास. गाव खंय इलो (गाव कुठे आलं)?"

वहिनी म्हणाल्या, "राग मानू नका, भाऊ. आमचे सासरे गेले, त्यांनी घातलेला नेम आहे. गावं आल्याशिवाय कुणी बसायचं नाही. शेवटच्या वर्षी तो मोडायचा?"

"मग टॉवर झाल्यावर?"

"तिथे हॉल आहे. बुफे असणार. लोक उभ्याने जेवणार, पान मांडायचं कुठे?"

मी शेजारच्या पानावर सरकलो. एरवी वाढणाऱ्याचा हात दुखला की मी वडे थांबवतो. त्या दिवशी एक उतरेना. शेजारी आमचं जेवण गार होत होतं. पंगत उठल्यावर परबकाकांनी ते पान दोन्ही हातांनी उचलून कठड्यावर ठेवलं. आपल्याकडे असं पान कुणासाठी ठेवतात, ते मी बोललो नाही. कावळा लगेच शिवला. गेलेल्याची इच्छा उरली नसली की शिवतो म्हणे. आमची तर सगळीच उरलेली.

परतताना नाक्यावर छाती फुगवली नाही. राज्याला आपण हवे आहोत, यात शंका नाही. इतके हवे आहोत की आपली जागा त्यांनी आपल्यालासुद्धा दिली नाही.

आत्या पडवीत पडल्या पडल्या वाट बघत होती. "बसलास?"

"बसलो की! परबांनी हाताला धरून बसवलं. अख्खी चाळ वाढायला. वडे तर बैलगाडीच्या चाकाएवढे!"

तिचा चेहरा उजळला. मग ती कोपरावर उठली. "बसवलं? म्हणजे सीमेचं मिटलं काय रे? आलो आपण महाराष्ट्रात?"

'होय' एवढंच म्हणायचं होतं. मी चपला काढायला वाकलो.

"राहू दे," आत्या म्हणाली. "एवढी मोठी थाप तुलाही नाही जमायची." आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.