'गेट'च्या शेपट्या आणि कडू घास

हिवरखेडच्या स्टँडवर अकोल्याची सकाळची गाडी लागली, तेव्हा माझ्या बॅगेच्या आधी झेंडूची गाठोडी चढली. फुलं ऊन तापायच्या आत बाजारात पोचायला हवीत. पोरगी विलायतेला थोडी उशिरा पोचली तरी सुकत नाही, असं आमच्या घरचं साधं गणित. आई गाठोडी नीट लावत राहिली आणि माझ्याकडे बघायचं टाळत राहिली. गाडी सुटताना मात्र खिडकीशी आली आणि म्हणाली, "पोचली का फोन कर. अन उपाशी राहू नको." एवढंच. पुण्याकडच्या माणसांना ते भांडण वाटलं असतं. आमच्याकडची माया अशीच, दम दिल्यासारखी.

हिवरखेडात राहिलेल्यांनो, तुम्हाला माझं जाणं विमानापासून आठवत असेल. माझ्या लेखी ते अमरावतीच्या इंग्रजीच्या क्लासपासून सुरू झालं. नर्सिंग झालं होतं, सलाईन लावता येत होती, घोडं अडलं होतं ते इंग्रजीपाशी. आमच्या सरांना एकाच क्रियापदाचं वेड होतं: गेट. त्याला पुढे शेपूट लावायचं, की झाला नवा अर्थ. गेट अप म्हणजे उठणं. गेट ऑन म्हणजे गाडीत चढणं, आणि आपलं चालवून नेणंही. गेट बाय म्हणजे कसंबसं भागवणं. गेट ओव्हर म्हणजे दुःखातून सावरणं. सुट्टीत घरी आले की मी ओट्यावर बसून हे घोकायची आणि समोर आई हार ओवायची.

"हे गेट हाय का आपल्या म्हशीचा खुटा?" ती एकदा म्हणाली. "जो येते थो यालेच बांधते."

गेट बायचा अर्थ सांगितला तेव्हा तर ती सुई थांबवून हसली. "मंग थे तं मी जलमभर करून राहिली. मले नाई लागला क्लास."

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या या गावात आले आणि कळलं, सर कमीच सांगत होते. मी नर्स म्हणून लागले त्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायका तर बोलतात त्याच मुळी या शेपटांत. पहिले काही महिने मी नुसती मान हलवायची. पण रोज दुपारच्या सुट्टीत आईचा फोन यायचा. तिकडे संध्याकाळ झालेली, ती हार ओवत बसलेली, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "आज कोनतं शिकली वं?" मग मी एखादं सांगायची आणि ती त्यावर आपली टिप्पणी जोडायची. दिवसभरात माझ्याशी पोटातून बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. इथे लोक वाईट नाहीत हो. भेटलं की विचारतात, हाऊ आर यू गेटिंग ऑन? मात्र उत्तर द्यायला तोंड उघडावं तर विचारणारा वळणापलीकडे गेलेला असतो. मी 'फाइन' म्हणायला शिकले.

मग आई गेली. सकाळी वाडीतून फुलं तोडून आली, टोपली ठेवली आणि तिथेच बसली. दादाचा फोन आला, "तू येशीन तवरीक नाई थांबता येत वं." ते मलाही ठाऊक होतं. अंत्ययात्रा मी फोनवर पाहिली. कुणीतरी गर्दीत चालता चालता फोन धरला होता, मला जास्त वेळ आभाळच दिसलं. तिकीट पुढच्या आठवड्याचं मिळालं.

ज्या घरात माणूस जातं त्या घरात आमच्याकडे चूल पेटत नाही. गल्लीतून पिठलं-भाकरी येते आणि कुणीतरी मोठी बाई शेजारी बसून पहिला घास आपल्या हातानं भरवते. तो कडू घास. आमच्या गल्लीत त्यासाठी सगळ्यांच्या आधी निघायची ती आई. "रडनाऱ्याले इचारू नये जेवतं का म्हनून," ती म्हणायची, "घास तोंडाशी न्या लागते." त्या दिवशी दादाकडे साऱ्या गल्लीतून भाकरी आल्या असतील.

माझ्या खोलीतला गॅस मीही पेटवला नाही. ठरवून नव्हे, हातच गेला नाही. आणि वेड्यासारखी दार उघडं टाकून बसले. दुःखाच्या घराचं दार लोटत नाहीत, येणाऱ्यानं टकटक करायची नसते. संध्याकाळी समोरच्या खोलीतला गृहस्थ आला, माझं दार उघडं बघून थबकला. मला वाटलं, आला. तो 'सॉरी' म्हणाला आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेऊन गेला. त्याला वाटलं, मी लावायचं विसरले.

फोनवर वॉर्डात सोबत काम करणाऱ्या सगळ्यांचे मेसेज येत होते. गेट सम रेस्ट. यू विल गेट थ्रू धिस. झाडून सगळी शेपटं गोळा झाली होती, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. पण दुःखात माणसाला एकटं सोडायचं, ही इथली रीत. तो त्यांचा मान ठेवण्याचा प्रकार. मी मात्र दुसऱ्या दिवशीही उपाशी होते आणि पावलांचा आवाज आला की दाराकडे बघत होते. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

शेवटी 'उपाशी राहू नको' हेच आठवलं आणि मी मॉरीनला फोन लावला. मॉरीन माझ्याच वॉर्डातली नर्स, आईच्या वयाची, तोंडानं फटकळ. चांगलं वाक्य जुळवायला जमेना. सरांचं एकही शेपूट हाताशी नव्हतं. मी तुटक इंग्रजीत म्हटलं, माझी आई मेली आहे, मला भूक लागली आहे, तू जेवण आण.

ती म्हणाली, येते.

बटाटे आणि वाटाण्याचं काहीतरी घेऊन ती आली, टेबलावर ठेवलं आणि रीतीप्रमाणे निघायला लागली. मी म्हटलं, बस. आमच्यात पहिला घास दुसऱ्यानं भरवायचा असतो. तिनं का, कशाला, काही विचारलं नाही. खुर्ची ओढली, वॉर्डात आम्ही म्हाताऱ्यांना भरवतो तसा चमचा भरला, फुंकर मारली आणि माझ्या तोंडाशी आणला. मीठ बेताचंच होतं. मी तेव्हा रडले, पहिल्यांदा. ती दुसरा चमचा भरत राहिली.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "काई खाल्लं का वं तुनं? का तशीच बसली?"

"खाल्लं," मी म्हटलं. "भरवलं."

"कोनं?"

मॉरीन चमचा हातात धरून थांबली होती. "गल्लीतल्या एका बाईनं," मी म्हटलं.

माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, घर म्हणजे काय ते आता मला इतपतच सांगता येतं: जिथे भूक लागली म्हणून सांगता येतं, ते. हिवरखेडात ते सांगावं लागत नसे, एवढाच फरक. आणि तो फरक काही लहान नाही. पुढे मी गावी जाऊन आले, परत कामावर लागले. मॉरीन अधूनमधून डबा आणते, वर शिव्याही घालते. दुपारची सुट्टी झाली की आजही सवयीनं मी त्या दिवसाचं एक नवं शेपूट लक्षात ठेवते. मग फोन हातात घेते आणि आठवतं, की आता विचारणारं कुणी नाही.