नणंदही आमच्याच शाळेची
मसाल्यासाठी खोबरं भाजायला घेतलं की नाशिकच्या घरातली ती दुपार आठवते. येवल्याच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर मी सासूबाईंची गाऱ्हाणी सांगत होते. मोकळं बोलायला मला तेवढी एकच जागा होती. तेवढ्यात एका भोळ्या मैत्रिणीने माझ्या नणंदेला ग्रुपमध्ये घेतलं, का तर तीही आमच्याच शाळेची. लगेच दुसरीने विचारलं, "मग पुढे काय म्हणाली गं तुझी सासू?" माझ्या हातातला आणि बाहेरच्या खोलीतला फोन एकदमच वाजले. टीव्हीचा आवाज बंद झाला. नणंद दारात येऊन म्हणाली, "सांग ना वहिनी, काय म्हणाली आई?" कढईतलं खोबरं करपत गेलं. अजूनही मैत्रिणींनी "कशी आहेस?" विचारलं की मी "मजेत" लिहिते, आणि त्यावर पहिला बदाम नणंदेचाच येतो.