ह्यांचं बीपी नॉर्मल आलं

लग्नाला चाळीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत आमच्या ह्यांना मीठ कमी खा म्हणून मी जितकं सांगितलं, तितकं शाळेतल्या पोरांना पाढे म्हणा म्हणूनही सांगितलं नसेल. ताटात पापड नसला की हे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसतात. लोणच्याचा खार पोळीला पुसून खातात. आणि हाच माणूस मेडिकल बोर्डाच्या आठवड्यात सकाळी उठून मला म्हणाला, "आज से नमक बंद. भाजीत टाकूच नको."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. ज्या आठवड्यात ह्यांचं बीपी जसं आहे तसं दिसायला हवं होतं, नेमका तोच आठवडा ह्यांनी शहाणं व्हायला निवडला.

झालं असं होतं की हे सुभेदार म्हणून फौजेतून निवृत्त झाले, तेव्हा डॉक्टरांच्या बोर्डाने ह्यांना हाय बीपी असल्याचं मान्य केलं आणि खाली लिहून टाकलं की हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. का, तर तो पहिल्यांदा सापडला तो छावणीतल्या वार्षिक तपासणीत, शांततेच्या ठिकाणी, ज्याला फौजेत पीस स्टेशन म्हणतात. त्याआधी बर्फातल्या पोस्टवर काढलेले हिवाळे कोणी विचारात घेतले नाहीत. बीपी काय खाली उतरून, स्टेशन बघून, मग चढतं का? त्या एका वाक्यावर अपंगत्वाचं पेन्शन नाकारलं. आम्ही अपील केलं, उत्तरात तेच वाक्य आलं. दुसरं अपील केलं, पुन्हा तेच वाक्य, खाली सही तेवढी निराळी.

पैसे नको होते असं खोटं कशाला सांगू? हवेच होते. पण त्याहून जास्त मला ते वाक्य खोडून हवं होतं. धडधाकट गेलेला माणूस माझ्याकडे गोळ्यांच्या डब्यासकट परत पाठवायचा आणि वर म्हणायचं की आमचा काही संबंध नाही! मी मास्तरीण, चुकीचं वाक्य तसंच राहू देणं मला जमत नाही.

शेवटी अधारताल भागातली एक वकील गाठली. आमच्या मुलीच्या वयाची, पण सगळे तिला दीदी म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो. तिने पहिल्याच भेटीत ह्यांना विचारलं, "अंकल, वर पोस्टवर होतात तेव्हा डोकं दुखणं, चक्कर येणं, असं काही?" हे ताठ बसून म्हणाले, "नहीं बेटा, एकदम फिट था." दीदीने माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे.

तरी तिने केस लढवली, आणि नव्या बोर्डाने पुन्हा तपासावं असा आदेश मिळवला. जाताना ह्यांना बजावलं, "अंकल, रोजची गोळी घ्या, रोजचं जेवा, आणि जसे आहात तसे जा. कोई तैयारी नहीं." हे म्हणाले, "बिल्कुल नहीं."

आणि दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू.

फौजेतल्या माणसाला मेडिकल म्हणजे काय वाटतं, हे त्याच्या बायकोलाच विचारावं. बीपी जास्त निघालं की तब्येतीची कॅटेगरी उतरते, कॅटेगरी उतरली की प्रमोशन अडकतं, आणि लंगरमध्ये जेवणाच्या रांगेत लोक 'मेडिकल केस' म्हणून बघतात. म्हणून जो तो मेडिकलच्या आधी बीपी खाली आणायच्या युक्त्या करतो आणि दुसऱ्यालाही शिकवतो. नोकरी सुटली तरी ती खोड सुटत नाही. कमानिया गेटच्या बाजारात सांध्याच्या तेलासाठी म्हणून गेलेले हे पिशवीभर दुधी घेऊन आले. सकाळी तो कच्चा रस, वर दोन पाकळ्या लसूण. चहा बंद. महाराजपुरच्या आमच्या कॉलनीला फेऱ्या. दुपारी पंखा लावून शवासन, आणि मी भांडी आपटली की, "जरा धीरे."

"अहो, काय करून राहिले तुम्ही?" मी शेवटी ओरडलेच. "हरायला चाललो का आपण तिथे?"

"काहून ओरडून राहिली? माझं नाही, तुझंच बीपी वाढेल," हे डोळे मिटूनच म्हणाले.

बोर्डाच्या दिवशी मिशीला कात्री लावली, बूट चमकवले आणि मला सोबत घेऊन गेले. तिथल्या व्हरांड्यात बाकावर ह्यांच्यासारखेच सातआठ जण बसले होते, सगळे केसवाले, सगळे आपापला आजार सिद्ध करायला आलेले. आणि सगळे काय करत होते? डोळे मिटून लांब लांब श्वास घेत होते! एक दाढीवाले बाबा शेजारच्याला सांगत होते, "नाक से लो, धीरे छोड़ो. दस पॉइंट तो यहीं गिर जाएगा." चहावाला आला, तर सगळ्यांनी हात हलवून त्याला परत पाठवलं. माझ्या शेजारच्या बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बहनजी, हमारे तो कल से खीरा-ककड़ी ही खा रहे हैं." मला हसूही आलं आणि त्या अख्ख्या बाकाला गदागदा हलवावंसंही वाटलं.

ह्यांचं नाव पुकारलं. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि आतून ह्यांचा आवाज आला, "एक सौ चौबीस, अस्सी? थैंक यू, मैडम!" मिठाईच वाटायची काय ती बाकी होती. मी मनातल्या मनात दीदीची माफी मागितली.

तेवढ्यात शिपाई मला बोलवायला आला. आत टेबलापाशी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, खांद्यावर मेजरचं चिन्ह. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि हिंदीत विचारलं, "गोळ्या तुम्हीच देता ना? ह्यांनी या आठवड्यात काय काय केलं?"

मी दुधीपासून शवासनापर्यंत सगळं सांगितलं. हे खुर्चीत चुळबुळ करायला लागले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि म्हणाल्या, "सर, नौकरी में भी ऐसे ही पास होते थे?"

हे म्हणाले, "सभी करते थे, मैडम."

"तो ये बीपी असल में कब से है?"

"रिकॉर्ड में जो लिखा है, तभी से."

"खोटं," मी मराठीतच म्हटलं. माझा तोल सुटला होता. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "तू चूप बैस." पण इतकी वर्षं एक बोर्ड, दोन अपिलं, एवढे सगळे साहेब, आणि त्यांपैकी एकानेही मला काही विचारलं नव्हतं. आज विचारलं होतं. मी हिंदीत सांगायला सुरुवात केली. वरच्या पोस्टवरून पहिल्यांदा रजेवर आले, तेव्हा हे मागच्या खोलीत जाऊन दाराला कडी लावायचे. मी अंगणात कपडे वाळत घालत असायची आणि खिडकी उघडी असायची. हे भिंतीला कपाळ टेकून उभे राहायचे, दोन्ही हातांनी डोकं आवळून. नाकातून रक्त यायचं, ते बनियनने पुसायचे आणि बनियन स्वतः धुऊन टाकायचे. मग बाहेर येऊन लेकीला खांद्यावर घेऊन नाचवायचे. छावणीत बदली व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

बाई लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, की त्यांच्या मते हा आजार सेवेत असतानाच कठीण ठिकाणी सुरू झाला आणि सेवेमुळे वाढला. "ये मेरी राय है, मंज़ूरी ऊपर से आएगी," त्या म्हणाल्या. ती मंजुरी अजून आलेली नाही, आणि दीदी म्हणते वेळ लागेल. पण ते वाक्य माझ्यासमोर उलटं लिहिलं गेलं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

मी जिंकल्यासारखी बाहेर आले. हे माझ्या मागून आले, बाकावरच्या कोणाशी न बोलता.

ऑटोत अधारताल येईपर्यंत हे बाहेरच बघत होते. मी आपली बडबडत होते, की आधीच बोलला असता तर इतकी वर्षं चपला झिजल्या नसत्या, पोरीसारख्या वकिलाशी खोटं बोलायची लाज कशी नाही वाटली. ह्यांनी ते काहीच ऐकलं नसावं.

"खिडकी उघडी होती?" हे म्हणाले.

"होती."

"रोज?"

"रोज."

ह्यांनी आपल्या चमकवलेल्या बुटांकडे पाहिलं. मग ऑटोवाल्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "मला वाटून राहिलं होतं, तुझ्यापुढे तरी मी पास झालो."

मला ह्यांचा असा राग आला! मी ह्यांचा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.