बाबांचा उजवा हात

मूर्तींच्या मुद्रा मी पुस्तकातून शिकलेच नाही, बाबांच्या उजव्या हातावरून शिकले. गंगेवरच्या अमृतराव घाटावर मराठी यात्रेकरूंच्या पूजा सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी मूर्तिकला विषय घेऊन प्राध्यापकीच्या परीक्षेची तयारी करत होते तेव्हा ते संध्याकाळी समोर बसून हात उचलायचे. "बोल, ही कुठली?" तळवा समोर, बोटं वर, म्हणजे अभय. तळवा तसाच ठेवून बोटं खाली केली की वरद. बोटं जमिनीला टेकली की बुद्धाची भूमिस्पर्श. एकदा उठून दोन्ही हात सरळ खाली सोडून ताठ उभे राहिले. "जैन तीर्थंकर!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

होळीनंतर त्यांना पक्षाघात झाला. वाचा शाबूत राहिली, उजवा हात गेला. घाट सुटला ते समजण्यासारखं होतं, पण घरच्या देवांनाही ते शिवेनात. आई म्हणाली, "डाव्या हातानं फूल तरी वाहा." त्यांनी मान फिरवली. आई पूजा उरकेपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. अभ्यासात लक्ष लागेना. शेवटी शहाणपणा करायला गेले. सारनाथच्या एका बुद्धाचा फोटो त्यांच्यापुढे धरला, हात कोपरापासून तुटलेला.

"बघा बाबा, हात नाही, तरी लोक कुठून कुठून येतात."

"बघायलाच येतात ना? पूजा कोण करतं?" ते म्हणाले. "खंडित मूर्ती गंगेत सोडायची असते, बेटा. इतकी शिकलीस, एवढं नाही माहीत?"

माहीत होतं. मी फोटो उचलला आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

आमच्याकडे पेपरला निघताना बाबांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. परीक्षेच्या सकाळी ते खाटेवर बसले होते. मी वाकले. त्यांचा डावा हात मांडीवरून हलला नाही. डाव्या हातानं आशीर्वाद देत नाहीत. बाहेर ऑटोवाला हॉर्न मारत होता. मग मीच त्यांचा उजवा हात उचलून डोक्यावर ठेवला. ओल्या टॉवेलसारखा जड, गार.

तेव्हा कुठे डावा हात हलला. त्या हातानं त्यांनी उजव्याचं मनगट धरलं, तो माझ्या डोक्यावरून काढला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

"जा," ते म्हणाले, "देर होईल."

उंबरा मी तसाच ओलांडला.