फॅक्सला लावलेलं कुंकू

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगते. लोकांचे घोळ घाईगडबडीत होतात. माझा मी न्हाऊनधुऊन, देवापुढे निरांजन लावून, अगदी शांत चित्ताने केला.

तेव्हा आम्ही नुकतेच द्वारकेला राहायला आलो होतो. श्रीकृष्णाच्या नव्हे, दिल्लीच्या. सरकारी क्वार्टर सोडून सोसायटीत स्वतःचा फ्लॅट. लिफ्ट होती, दोन बाल्कन्या होत्या, फोन तेवढा यायचा होता. काही कळवायचं असलं की कोपऱ्यावरचा चौधरीजींचा एसटीडी बूथ गाठायचा. त्यांनी फॅक्सचं नवं मशीन आणलं होतं आणि त्यावर भरतकामाचा रुमाल घातला होता.

आमच्या अनघाला नाशिकच्या जोगळेकरांचा मुलगा बघून गेला होता. त्यांच्याकडून पसंती आली, पण अनघाचं काही ठरेना.

"आई, तो बोललाच नाही गं. पोहे छान झालेत म्हणाला, बस."

माझे सोळा सोमवार चालू होते. महादेवाला म्हटलं, आता तूच काय ते बघ. आणि गुरुवारी संध्याकाळी पोरगी म्हणाली, "चालेल, कळवून टाका."

अगदी वेळेवर म्हणाली हो. कारण जोगळेकरांनी बजावलं होतं की शुक्रवारी दुपारपर्यंत ऑफिसच्या फॅक्सवर कळवा, नाहीतर रविवारी आम्ही पुण्याची मुलगी बघायला जाऊ. फोन नको, फोनवर गैरसमज होतात. लेखी द्या.

शुक्रवारी सकाळी मी लिहायला बसले. विहीणबाईंना पहिलंच पत्र! चार पानं कधी झाली कळलंच नाही. आमचे हे केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. त्यांनी पानं घेतली आणि खिशातून लाल पेन काढलं.

"अगं, हा फॅक्स आहे. फॅक्सला तीन ओळी बस्स. भावना पोस्टाने पाठव."

"पण अनघाच्या सासूबाई वाचणार—"

"सासूबाई नंतर. आधी ऑफिसातला कारकून वाचणार."

माझी उपमा गेली, आशीर्वाद गेले, अनघाच्या लहानपणीचा परिच्छेद गेला. शेवटी मी लिहिलं होतं, 'आमची अनघा आता आमची राहिली नाही, ती तुमचीच झाली.' यांनी त्यातला दुसरा तुकडा खोडला.

"पुनरुक्ती," म्हणाले, आणि ऑफिसची चार्टर्ड बस पकडायला गेले.

उरलं ते मी सुवाच्य अक्षरात उतरवलं. 'कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की देवाच्या मनात होते तसेच झाले. सोळा सोमवारांचे फळ मिळाले. आमची अनघा आता आमची राहिली नाही.'

शुभवार्तेचा कागद कोरा कसा पाठवायचा? चारही कोपऱ्यांना ओलं कुंकू लावलं. एक थेंब मध्येच पडला, नेमका 'आनंद' या शब्दावर. मला वाटलं, चला, शुभशकुन झाला.

बूथमध्ये चौधरीजी म्हणाले, "बहनजी, आपने तो मशीन को भी टीका लगा दिया।"

"अच्छा होता है, चौधरीजी।"

घरी येऊन मी शिरा केला. अनघाने कॉलेजला दांडी मारली होती. ती तोंडाला मुलतानी माती थापून आत पडली होती.

चारच्या सुमारास बेल वाजली. दारात चौधरीजी, हातात कागद. मागे सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्यामागे शेजारच्या मिसेस खन्ना, डोक्यावर पांढरी ओढणी. बातमी एवढ्यात पसरली की काय? मला तर भरूनच आलं.

"आइए, आइए, मुँह मीठा कीजिए।"

मिसेस खन्नांनी मला छातीशी धरलं. "रो लो बहनजी, अंदर मत रखो।"

"रोना क्यों? बेटी तो एक दिन जाती ही है।"

"पर इतनी जल्दी?"

"मैंने सोलह सोमवार किए थे। भगवान ने सुन ली।"

सेक्रेटरींनी चष्मा काढला. चौधरीजी भिंतीकडे बघत हळूच म्हणाले, "सदमा लगा है।"

तेवढ्यात आतलं दार उघडलं. पांढराफटक चेहरा, मोकळे केस. "आई, कोण आलंय?"

मिसेस खन्नांनी जी किंकाळी फोडली, ती तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेली. चौधरीजींच्या हातातला कागद पडला. मी उचलला. नाशिकचा फॅक्स होता.

'आपल्या कन्येच्या निधनाचे वृत्त वाचून जबर धक्का बसला. चिरंजीव जेवलेले नाहीत. आम्ही उभयता रात्रीच्या गाडीने निघत आहोत. मृतात्म्यास शांती लाभो.'

निधन? कोणाचं? कोण म्हणालं?

"बहनजी," चौधरीजी पाणी पिऊन म्हणाले, "फैक्स में लाल भी काला जाता है।"

देवापुढे ठेवलेला माझा कागद मी आणला आणि जोगळेकरांच्या डोळ्यांनी वाचला. चारही कोपरे काळे, दुखवट्याच्या पत्राला असतात तसे. 'कळविण्यास अत्यंत', मग काळा ठिपका, मग 'होत आहे'. आणि खाली, 'आमची अनघा आता आमची राहिली नाही.' तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता?

मी कागद मुठीत धरून एका पायात माझी, एका पायात यांची चप्पल घालून बूथकडे पळाले. मागे अनघा, तशीच पांढरी. भाजीवाला गाडी सोडून बाजूला झाला. नाशिकला फोन लागला.

"वहिनी, मी अनघाची आई—"

पलीकडून हुंदका. "कसं हो झालं? परवापर्यंत तर..."

"काही झालं नाही. ती आहे. मातीत आहे... म्हणजे मुलतानी माती लावून इथे उभी आहे."

अनघाने रिसीव्हर ओढला. "काकू, मी अनघा. मी आहे."

पलीकडे काहीतरी पडलं. मग आवाजांचा गलका, आणि त्यात एक पुरुषी रडणं. अनघा ऐकत राहिली. तिच्या गालावरची माती तडकली. "आई," ती कुजबुजली, "तो रडतोय गं. हा बोलत नसेल, पण रडतो छान."

माझा जीव भांड्यात पडला. पोरगी वाचली, स्थळही वाचलं. मग विहीणबाई पुन्हा फोनवर आल्या. डोळे पुसल्यासारखा आवाज.

"मुलगी सुखरूप आहे, देवाची कृपा. बाकी सगळं समजलं. पण वहिनी, तेवढं एक सांगा. आम्ही रविवारी पुण्याला जायचं की नाही?"

मी मुठीतला कागद उलगडून पुन्हा वाचला. तीन ओळी. त्यांत देव होता, सोमवार होते, फळ होतं. होकार लिहायचाच राहिला होता.